विद्यापीठाकडून खेळण्याचे फायदे: विद्यार्थी खेळाडू आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

ऑगस्टमध्ये सिलेक्शन ट्रायल सुरू झाल्या की हे प्रश्न येऊ लागतात आणि नोकरभरतीची जाहिरात निघाली की पुन्हा येतात. उत्तरे मुख्यतः महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना धरून आहेत. मैदानावर मिळायचे ते खेळता खेळता मिळतेच. कागदावरचे मात्र वेळेत मागावे लागते, आणि बहुतेकांचे नुकसान तिथेच होते. म्हणून कागदपत्रांबद्दल जरा जास्त लिहिले आहे.

1. कॉलेजच्या टीममध्ये आहे. म्हणजे मी विद्यापीठाचा खेळाडू झालो का?

अजून नाही. पहिली पायरी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, म्हणजे झोनल. त्यानंतर इंटरझोनल. तिथल्या खेळावरून किंवा वेगळी ट्रायल घेऊन विद्यापीठाचा संघ निवडतात, संघाचा कॅम्प लागतो, आणि मग संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. या स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघ, म्हणजे एआययू, घेतो. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातली विद्यापीठे पश्चिम विभागात, म्हणजे वेस्ट झोनमध्ये, खेळतात. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल यांसारख्या सांघिक खेळांत प्रत्येक विभागातले पहिले चार संघ ऑल इंडियाला जातात. तिथल्या पहिल्या आठ संघांना खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेची दारे उघडतात. कुस्ती, बॉक्सिंग, अॅथलेटिक्स अशा अनेक वैयक्तिक खेळांत विभागीय टप्पा नसतो, थेट ऑल इंडिया होते.

याशिवाय राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने राज्यातल्या विद्यापीठांचा क्रीडा महोत्सव भरतो. जुने खेळाडू त्याला अजून ‘अश्वमेध’च म्हणतात. ती स्पर्धा राज्यस्तराची आहे. तिचे प्रमाणपत्र एआययूच्या प्रमाणपत्राच्या जागी चालत नाही.

2. शाळेत कधी खेळलो नाही. आता पहिल्या वर्षात सुरू करून काही उपयोग आहे का?

आहे, पण खेळ पाहून ठरवा. क्रिकेट, फुटबॉल आणि बॅडमिंटनला दहा-दहा वर्षे खेळलेली मुले ट्रायलला येतात. रोइंग, तलवारबाजी, वेटलिफ्टिंग, सॉफ्टबॉल, नेटबॉल, मुलींची कुस्ती यांत कॉलेजात सुरुवात केलेले खेळाडूही विद्यापीठ संघात येतात. जिमखान्यात जाऊन शारीरिक शिक्षण संचालकांना थेट विचारा: गेल्या वर्षी कोणत्या खेळात आपल्या कॉलेजची एंट्रीच गेली नाही? कोणत्या वजनगटात झोनलला कोणीच उतरले नव्हते? त्या रिकाम्या जागेवर वर्षभर मेहनत घेतली तर दुसऱ्या वर्षी संघाच्या ट्रायलपर्यंत पोचता येते.

तिसऱ्या वर्षी सुरुवात करणाऱ्याच्या हाताशी जेमतेम एक हंगाम उरतो. पदव्युत्तर शिक्षण घेणार असाल तर आणखी दोन मिळतात, वयात बसत असाल तर (प्रश्न 4).

3. नोकरी आणि गुण बाजूला ठेवा. खेळून नेमके काय मिळते?

आमच्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, आणि पालक त्याबद्दल सगळ्यात कमी विचारतात.

पहिली गोष्ट म्हणजे तयार व्यवस्था. मैदान, प्रशिक्षक, सरावाचे साथीदार आणि वर्षाला ठरलेल्या स्पर्धा हे सगळे एका जागी, बहुधा कॉलेजच्या फीमध्येच मिळते. पदवी घेऊन बाहेर पडल्यावर हेच उभे करायला क्लबचे सदस्यत्व, मैदानाचे भाडे आणि कोचिंगची फी भरावी लागते. त्यातही बरोबरीचे खेळाडू एकत्र जमवणे सगळ्यात अवघड जाते.

दुसरी गोष्ट शरीराची. हाडांची घनता साधारण तिशीपर्यंत वाढते, नंतर ती टिकवण्याचेच काम उरते. अठरा ते बावीस या वयात धावणे, उड्या आणि वजन उचलणे यांनी जी हाडे भक्कम होतात ती साठीत उपयोगी पडतात. मुलींना हे जास्त लागू आहे, कारण रजोनिवृत्तीनंतर हाडे झपाट्याने विरळ होतात.

तिसरी गोष्ट वेळेची शिस्त. सकाळी साडेपाचला मैदान, नऊला लेक्चर, संध्याकाळी पुन्हा सराव असा दिवस असला की अभ्यासाला दोनच तास उरतात, आणि ते दोन तास वाया घालवायची सोय राहत नाही. हे आपोआप जमते असे मात्र नाही. झोप सात तासांखाली गेली की आधी अभ्यास घसरतो, मग खेळ, आणि दुखापती वाढतात. सकाळचा सराव असेल तर दहाला झोपणे हा सरावाचाच भाग धरा.

चौथी गोष्ट म्हणजे गावाबाहेरचे जग. सांगोल्याचा मुलगा कुरुक्षेत्राला खेळायला जातो, वसतिगृहाच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपतो, हरियाणाच्या संघाकडून हरतो आणि आपण कुठे कमी पडतो ते डोळ्यांनी पाहून येतो. तालुक्याच्या मैदानावर सतत जिंकून हे कळत नाही.

4. वयाची आणि पात्रतेची अट काय आहे?

एआययूच्या स्पर्धांसाठी वय 17 ते 25 वर्षे असावे लागते आणि ते 1 जुलै या तारखेला मोजतात. तुम्ही किमान एक शैक्षणिक वर्षाच्या पदवी किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे पूर्णवेळ नियमित विद्यार्थी असला पाहिजे. बारावी कोणत्या वर्षी झालात हेही पाहतात, म्हणून पात्रता अर्जात तो रकाना असतो. दरवर्षी हंगामाआधी नियमांचे नवे परिपत्रक निघते. गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका, जिमखान्यात ते मागून वाचा.

अकरावी-बारावीचे विद्यार्थी कॉलेजच्या आवारात असले तरी विद्यापीठाचे नसतात. ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या शालेय स्पर्धा खेळतात. तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमाचे विद्यार्थीही विद्यापीठ संघात येत नाहीत.

5. संघात निवड झाली. कोणती कागदपत्रे तयार ठेवू?

दहावीचे आणि बारावीचे गुणपत्रक, मागच्या परीक्षेचे गुणपत्रक, चालू वर्षाची फी पावती, कॉलेजचे ओळखपत्र, आधार आणि पासपोर्ट आकाराचे फोटो. सगळ्याच्या दोन-दोन प्रती आणि फोनमध्ये एक स्कॅन. पात्रता अर्जावर प्राचार्यांची आणि विद्यापीठाची सही-शिक्का लागतो. तो पूर्ण नसेल तर मैदानापर्यंत जाऊनही खेळता येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ नावात होतो. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर नंतर, वडिलांच्या नावाचे स्पेलिंग दोन तऱ्हेचे. प्रमाणपत्रावर नाव दहावीप्रमाणेच यायला हवे, कारण नोकरीच्या पडताळणीत तेच ताडून पाहतात. प्रमाणपत्र हातात आले की तिथेच उभे राहून सहा गोष्टी वाचा: नाव, खेळ, वजनगट किंवा प्रकार, स्पर्धेचे पूर्ण नाव, तारखा, मिळालेला क्रमांक. चूक असेल तर संघ व्यवस्थापकाला त्याच दिवशी दाखवा. यजमान विद्यापीठाकडून तीन वर्षांनी दुरुस्ती करून घेणे फार जड जाते.

प्रमाणपत्राबरोबर संघाच्या प्रवेशिकेची प्रत आणि निकालपत्रकही मागून ठेवा. का, ते प्रश्न 11 मध्ये आहे.

6. स्पर्धांमुळे हजेरी 75 टक्क्यांखाली गेली तर?

विद्यापीठाकडून खेळायला गेलेले दिवस हजेरीत धरण्याची सवलत असते, पण ती कॉलेजला कळवल्याशिवाय मिळत नाही. जाण्याआधी विद्यापीठाच्या निवडपत्राची प्रत जोडून प्राचार्यांना अर्ज द्या आणि पोच घ्या. परतल्यावर आठ दिवसांत उपस्थिती प्रमाणपत्र जोडा. कॅम्पचे दिवसही अर्जात लिहा. लोक सामन्यांचे पाच दिवस लिहितात आणि कॅम्पचे दहा विसरतात.

प्रॅक्टिकल बुडाली तर हजेरी मिळाली तरी जर्नल पूर्ण होत नाही. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेतल्या शिक्षकांशी वेगळे बोलून दुसऱ्या बॅचबरोबर प्रयोग करून घ्यावेत.

7. सामना आणि परीक्षा एकाच दिवशी आली. काय करू?

अंतर्गत परीक्षा असेल तर कॉलेजच्या पातळीवर पुन्हा घेता येते, निवडपत्र दाखवून आधी लेखी मागणी करा. विद्यापीठाची सत्र परीक्षा असेल तर निर्णय विद्यापीठाचा असतो. काही विद्यापीठे अशा खेळाडूंची स्वतंत्र परीक्षा घेतात, काहींत पुढच्या सत्रापर्यंत थांबावे लागते. वेळापत्रक लागल्या दिवशीच क्रीडा संचालकांमार्फत परीक्षा विभागाला अर्ज गेला पाहिजे. परीक्षा होऊन गेल्यावर आलेल्या अर्जाला कोणी काही करू शकत नाही.

लेखी उत्तर आले नाही तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या सत्राची परीक्षा सोडू नका. आधीच्या वर्षातला एखादा पेपर नंतर काढता येतो.

8. खेळाचे ग्रेस गुण किती मिळतात? आणि क्रेडिटचे काय?

प्रत्येक विद्यापीठाचा अध्यादेश वेगळा आहे. मुंबई विद्यापीठात तो 229 क्रमांकाचा, त्यात एनएसएस, एनसीसी आणि खेळ यांना मिळून दहा गुणांपर्यंत तरतूद. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा 163 क्रमांकाचा. दोन्हीकडे गुण आपोआप जमा होत नाहीत, कॉलेजमार्फत प्रस्ताव मुदतीत जावा लागतो. मैत्रिणीला दुसऱ्या विद्यापीठात किती मिळाले यावरून भांडू नका, आपला अध्यादेश वाचा.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात सह-अभ्यासक्रमाचे, म्हणजे ‘सीसी’ गटाचे, क्रेडिट पहिल्या दोन वर्षांत असतात. त्यांत क्रीडा हा पर्याय आहे. खेळत असाल तर तोच निवडा. ग्रेस गुण आणि हे क्रेडिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

9. खर्च कोण करते? शिष्यवृत्ती मिळते का?

विद्यापीठ संघात असाल तर प्रवास, भत्ता आणि किटचा खर्च विद्यापीठ करते. झोनलचा खर्च कॉलेज करते. बूट, रॅकेट, स्वतःचा आहार आणि फिजिओ हे बहुधा घरच्यांवरच येते, तेवढे गृहीत धरून चाला.

खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या खेळाडूला महिन्याला 10,000 रुपये खर्चासाठी मिळतात. प्रशिक्षण, निवास आणि आहार धरून ही मदत वर्षाला 6.28 लाख रुपयांची आहे. मात्र विद्यापीठ स्पर्धेतले पदक म्हणजे ही शिष्यवृत्ती नव्हे. तिची निवड वेगळी समिती करते आणि कामगिरी घसरली तर नावही काढते.

10. केंद्र सरकारच्या नोकरीत आंतरविद्यापीठ प्रमाणपत्र चालते का?

चालते. केंद्राच्या नियमांत गट ‘क’ पदांवर गुणवान खेळाडूंची थेट भरती करता येते, 5 टक्क्यांच्या मर्यादेत. त्यांचा पसंतीक्रम ठरलेला आहे: आधी देशाकडून खेळलेले, मग राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत पहिल्या तीनांत आलेले, त्यानंतर आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या तीनांत आलेले. विद्यापीठाकडून खेळले पण पदक नाही असेही पात्र ठरतात, फक्त यादीत सगळ्यात शेवटी येतात. 2024 मध्ये खेलो इंडियाच्या स्पर्धांचाही या नियमांत समावेश झाला.

यासाठी स्पर्धेतले रंगीत प्रमाणपत्र पुरेसे नाही. सरकारने ठरवलेला नमुना 3 भरून त्यावर विद्यापीठाच्या क्रीडा विभागप्रमुखांची सही घ्यावी लागते. कॉलेजच्या शिक्षकांची सही चालत नाही. पदवीच्या वर्षातच हा नमुना भरून घ्या.

11. महाराष्ट्र शासनाचे 5 टक्के आरक्षण कसे मिळते?

हे समांतर आरक्षण आहे, म्हणजे तुमच्या सामाजिक प्रवर्गाच्या आतच खेळाडूंसाठी जागा राखलेल्या असतात. पात्र खेळाडूला कमाल वयातही 5 वर्षे सवलत आहे. 1 जुलै 2016 च्या शासन निर्णयात आणि त्यानंतरच्या सुधारणांत पदाच्या गटानुसार कोणत्या स्पर्धेतला कोणता क्रमांक चालतो याची यादी आहे. ती केंद्राच्या यादीपेक्षा वेगळी आहे. केंद्रात चाललेले प्रमाणपत्र इथे चालेलच असे समजू नका. नुसता सहभाग आणि क्रमांक यांतला फरक इथे फार महत्त्वाचा आहे.

प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा व युवक सेवा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडे होते. भरतीचा अर्ज करण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत प्रमाणपत्र पडताळणीसाठी दाखल झालेले असणे लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींत बंधनकारक असते. लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर धावपळ करणारे इथेच बाद होतात. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यापासून छाननी कडक झाली आहे. प्रवेशिकेत तुमचे नाव होते का, निकालपत्रकात संघ कुठे होता, हे तपासले जाते. तुमच्याजवळ त्या प्रती असतील तर काम लवकर होते.

म्हणून जाहिरातीची वाट न पाहता, प्रमाणपत्र मिळाल्याच्या वर्षीच पडताळणीला द्या.

12. एका संस्थेच्या ‘राष्ट्रीय’ स्पर्धेत सुवर्णपदक आहे. विद्यापीठाच्या तिसऱ्या क्रमांकापेक्षा ते मोठे ना?

बहुधा नाही. नावात ‘ऑल इंडिया’ किंवा ‘नॅशनल’ असल्याने स्पर्धा मान्य होत नाही. आयोजक संघटना संबंधित खेळाच्या मान्यताप्राप्त राष्ट्रीय महासंघाशी संलग्न आहे का, आणि तो खेळ शासनाच्या यादीत आहे का, हे पाहतात. प्रवेश फी भरली की कोणालाही उतरता येते आणि एकेका गटात तीन-चारच स्पर्धक असतात, अशा स्पर्धेचे पदक भरतीत उपयोगी पडत नाही. पालकांनी त्यात हजारो रुपये घालण्याआधी जिल्हा क्रीडा कार्यालयात एकदा विचारावे.

13. मुलीला दहा दिवस परराज्यात पाठवायचे. काळजी वाटते.

साहजिक आहे. जाण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: संघाबरोबर जाणाऱ्या महिला व्यवस्थापकांचे नाव आणि नंबर, रेल्वेचे आरक्षण निश्चित झाल्याची प्रत, राहण्याच्या जागेचा पत्ता, परतीची तारीख. महिला व्यवस्थापक नसतील तर विद्यापीठाकडे आग्रह धरा, ती वाजवी मागणी आहे. मुलीजवळ स्वतःचे काही पैसे, औषधे आणि सॅनिटरी पॅड असू द्या. यजमान ठिकाणी ते रात्री मिळतीलच असे नाही. पाळीच्या तारखा प्रशिक्षकांना सांगायला लाजू नये, कारण वजनगटाच्या खेळांत त्या दिवसांत वजन किलोभर वर दिसू शकते.

14. सामन्यात दुखापत झाली तर?

मैदानावरच्या डॉक्टरांकडून तारीख, वेळ आणि स्पर्धेचे नाव असलेली चिठ्ठी घ्या. विद्यापीठाचा किंवा कॉलेजचा विद्यार्थी अपघात विमा असेल तर दाव्यासाठी तीच लागते, आणि दावा कळवण्याची मुदत थोडी असते. गुडघा फिरून त्याच वेळी आवाज आला आणि काही तासांत सूज आली तर मालीश करून पुन्हा खेळू नका. लिगामेंट फाटल्याची शक्यता असते, अस्थितज्ज्ञांना दाखवा. इथे घाई केल्याने पूर्ण कारकीर्द गेलेले खेळाडू दर हंगामात दिसतात.

15. विद्यापीठ पातळीवर डोपिंग चाचणी होते का?

होते. राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्था, म्हणजे नाडा, विद्यापीठ स्पर्धांतही नमुने घेऊ शकते. शरीरात सापडलेल्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूचीच असते, ‘जिममधल्या दादांनी दिले’ हा बचाव पुरत नाही. बंदी आली तर पदक जाते आणि त्यावर मिळणारी नोकरीची संधीही.

धोका दोन ठिकाणी असतो. एक, डब्यावर पूर्ण घटक न लिहिलेली सप्लिमेंट. दोन, साधी सर्दीची गोळी: स्युडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणापलीकडे निषिद्ध आहे. डॉक्टरांना आधीच सांगा की तुम्ही खेळाडू आहात. दम्यासारख्या आजारासाठी एखादे निषिद्ध औषध घ्यावेच लागत असेल तर उपचारार्थ सवलतीचा अर्ज करण्याची सोय आहे. प्रथिनांसाठी अंडी, दूध, डाळ, पनीर आणि मासे पुरतात. ज्यांना ते परवडते त्यांनी पावडरच्या मागे लागण्याचे कारण नाही.

16. एटीकेटी आहे, किंवा नोकरी करतो, किंवा मुक्त विद्यापीठात शिकतो. खेळता येईल का?

एटीकेटीवर पुढच्या वर्गात नियमित प्रवेश असेल तर येईल. वर्ष वाया जाऊन घरी बसला असाल आणि फक्त परीक्षेला बसणार असाल तर नाही. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्यांना आणि दूरस्थ शिक्षण घेणाऱ्यांना आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येत नाही. हे लपवून खेळल्यास संघाचा निकाल रद्द होऊ शकतो, म्हणजे बाकीच्या मुलांचीही प्रमाणपत्रे जातात. पंजाब-हरियाणातल्या विद्यापीठांनी खेळावर प्रवेश देऊ केला असेल तर तो नियमित, पूर्णवेळ प्रवेश आहे का आणि वर्गांची भाषा तुम्हाला झेपते का, हे दोन्ही तपासा.

17. संघात होतो पण एकही सामना खेळायला मिळाला नाही. माझे प्रमाणपत्र ग्राह्य का?

प्रमाणपत्र प्रवेशिकेवरून मिळते. कबड्डीत मॅटवर सातजण उतरतात, पण राखीव खेळाडूही संघाचेच असतात आणि संघ पहिल्या तीनांत आला तर क्रमांक त्यांनाही मिळतो. कॅम्पला बोलावलेले पण अंतिम यादीत नसलेले मात्र यात येत नाहीत. त्यांना फक्त कॅम्पच्या दिवसांचे उपस्थितीपत्र मिळते, ते हजेरीपुरते वापरावे (प्रश्न 6).

18. जागतिक विद्यापीठ स्पर्धेला जाता येते म्हणतात, ते खरे का?

खरे आहे. ही स्पर्धा दर दोन वर्षांनी होते आणि भारताचा संघ एआययू पाठवतो. 2025 मध्ये जर्मनीतल्या ऱ्हाइन-रूर इथे भारताला 12 पदके मिळाली. त्यांत महाराष्ट्राच्या साहिल जाधवने कंपाउंड तिरंदाजीत सुवर्ण आणि पुण्याच्या वैष्णवी आडकरने टेनिस एकेरीत कांस्य जिंकले. वय स्पर्धेच्या वर्षाच्या 31 डिसेंबरला 18 ते 25 लागते, म्हणजे एआययूच्या तारखेपेक्षा वेगळी तारीख. आदल्या वर्षी पदवी घेतलेल्यांनाही या स्पर्धेत स्थान असते. म्हणून पदवी झाली की पासपोर्टचे काम लांबणीवर टाकू नका. निवड आणि व्हिसा यांच्यामध्ये थोडेच आठवडे असतात.

19. परदेशी शिकायला चाललो आहे. तिथे खेळता येईल का?

ब्रिटनमध्ये विद्यापीठांचे सामने बहुतेक बुधवारी दुपारी होतात आणि अनेक विद्यापीठे त्या वेळी वर्ग कमी ठेवतात. पहिल्या आठवड्यात क्लबांच्या ट्रायल लागतात, त्या चुकवू नका. अमेरिकेत कॉलेजचा मुख्य संघ आणि विद्यार्थ्यांचा क्लब असे दोन वेगळे स्तर असतात. मुख्य संघात यायचे तर बारावीत असतानाच तिथल्या प्रशिक्षकांना खेळाचे व्हिडिओ पाठवायला लागतात. तिथले खेळाडू जाहिरातीतून पैसे कमावताना दिसले तरी विद्यार्थी व्हिसावर असलेल्याने कोणताही करार करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी परवानगी घ्यावी. व्हिसाचे नियम मोडले तर शिक्षणही अर्धवट सोडून परतावे लागू शकते.